नळाच्या पाण्यामागं, कच्च्या रस्त्यानं

बर्मिंगहॅम

तीर्थरूप आबा आणि आई यांना साष्टांग नमस्कार.

आबा, परवा फोनवर तुम्ही विचारलंत, "चांगला डांबरी रस्ता सोडून दगडगोट्यातनं सायकल मारायची कसली हौस?" आवाज तुटत होता, नीट सांगता आलं नाही, म्हणून सविस्तर लिहिते. विषय धरणांचा आहे, आणि पाटबंधारे खात्यात उभा जन्म घालवलेल्या माणसाला धरणाबद्दल दोन वाक्यांत सांगून भागत नाही.

माझ्या स्वयंपाकघरातल्या नळाला येणारं पाणी या गावचं नाही. ते वेल्समधल्या एलन खोऱ्यातनं येतं, जवळजवळ ११७ किलोमीटरवरून, आणि तेही पंपाशिवाय. एवढ्या अंतरात उतार किती, तर ५२ मीटर! २,३०० फुटांना साधारण एक फूट. पाणी चालत्या माणसापेक्षा सावकाश येतं, शहरात पोचायला त्याला दीड दिवस लागतो. कुठं जमिनीखालचा पाट, कुठं बोगदा, आणि मधे नदी आडवी आली की तिच्यावरून नळ. तुम्ही लेव्हल लावून शेतचाऱ्यांचा उतार काढायचात, ते मी लहानपणी बांधावर बसून बघितलंय. त्यामुळं हा आकडा वाचल्यावर मला पहिल्यांदा तुमचीच आठवण झाली.

काम १८९३ साली सुरू झालं आणि १९०४ मध्ये सातव्या एडवर्ड राजानं पाणी सोडलं. याच राजाच्या राज्याभिषेकासाठी १९०२ साली आपले शाहू महाराज इंग्लंडला आले होते. त्या वर्षी इथं धरणांच्या भिंतींवर दगड चढत होते. पुढं काही वर्षांतच महाराजांनी भोगावतीवर राधानगरी धरणाचं काम हाती घेतलं. हे दोन्ही एकापुढं एक ठेवलं की ऊर भरून येतो.

तर ठरवलं, जे पाणी पितोय त्याच्या मुळापर्यंत सायकलनं जायचं. ट्रेननं लॅंडरिनडॉड वेल्सपर्यंत गेले आणि तिथनं पुढं रेयडर नावाच्या छोट्या गावी. या भागातल्या रेल्वेची कथा ऐका. धरणाचा दगड, सिमेंट आणि माणसं न्यायला खोऱ्यात खास रूळ टाकले होते. काम संपल्यावर ते काढले आणि त्या जागेवर आज सायकलची वाट आहे. गाडीला चढ झेपावा म्हणून मुळातच वाट हलकी चढत नेलेली, त्यामुळं म्हातारी माणसंही निवांत पायडल मारत वर जातात. आई, तूसुद्धा जाशील.

वाटेत एकामागं एक धरणं लागतात: काबान कोख, पेन-ई-गारेग, आणि सगळ्यात वर क्रेग गोख. क्रेग गोखची भिंत वळणाची आहे, वर कमानी आणि एक घुमट. मी गेले तेव्हा तलाव भरून पाणी भिंतीवरनं वाहत होतं. जवळ उभं राहून बघितलं तर दगडाचा दर्शनी भाग मुद्दाम खडबडीत ठेवलाय. त्या उंचवट्यांवर आपटून पाण्याचा फेस होतो आणि अख्खी भिंत पांढरी दिसते. सांध्यांत शेवाळ धरलेलं, आणि अंगावर तुषार असे की दोन मिनिटांत चष्मा गच्च.

पण खरा रस्ता पुढं आहे. बाजूच्या खोऱ्यात क्लायरवेनचं धरण आहे, १९५२ चं, ५६ मीटर उंच. त्याच्या भिंतीपासनं तलावाच्या काठाकाठानं कच्चा रस्ता निघतो आणि आठ-दहा किलोमीटर कुठं दुकान नाही, मोबाईलला रेंज नाही. इथं माझ्या सायकलीचं काम कळतं. हँडल रेसच्या सायकलीसारखं खाली वळलेलं, टायर मात्र ४५ मिलिमीटर रुंद आणि बिनट्यूबचं. आत पातळ द्रावण असतं, काटा घुसला तर भोक आपोआप बुजतं. हवा कमी ठेवायची, ३० पीएसआयच्या आसपास. भरपूर हवा भरली की टायर दगडावरनं उडतं. कमी असली की ते दगडाला धरून जातं, आणि मागचं चाक चढाला जागेवर फिरत नाही. बारक्याला हे नक्की सांगा, तो दर वेळी पंपानं टायर दगड करून ठेवतो.

तलाव संपला की रस्ता माळावर चढतो. गवत, पाणथळ जमीन, पाठीवर निळ्या रंगाची खूण केलेली मेंढरं, आणि वर घारी. तांबड्या घारींची इथं इतकी शिकार झाली की विसाव्या शतकाच्या सुरुवातीला साऱ्या ब्रिटनमध्ये मोजक्या जोड्या राहिल्या होत्या, त्याही याच मध्य वेल्सच्या डोंगरांत. आज मान वर केली की घार दिसतेच.

या माळावर एक जागा अशी येते की मागचं पाणी एलनमधनं वाय नदीला मिळून ब्रिस्टलच्या खाडीकडं जातं आणि पुढच्या तळ्यांतनं तेइवी नदी निघून पश्चिमेच्या समुद्राला मिळते. आपल्या दाजीपूरच्या कड्यावर तुम्ही दाखवलं होतंत ना, इकडचा थेंब कृष्णेतनं बंगालच्या उपसागराला आणि तिकडचा कोकणात? तेच. चारचाकीत बसून हे कळलंच नसतं. सायकलवर मांड्या सांगतात, चढ संपला, पाणी फिरलं. तिथनं उतरलं की स्ट्राटा फ्लोरिडा, ११६४ साली वसवलेल्या मठाचे अवशेष.

एक गोष्ट मात्र मनात राहिली. ही धरणं बांधताना खोऱ्यातली शंभरेक माणसं उठवली. घरं, शेतं, शाळा, चर्च पाण्याखाली गेलं आणि भरपाई मिळाली ती फक्त जमीनमालकांना. कुळं आणि मजूर रिकाम्या हातानं गेले. धरणग्रस्तांचे अर्ज घेऊन लोक आपल्या ओसरीवर बसायचे, तुम्ही रात्री उशिरापर्यंत ते वाचायचात. बर्मिंगहॅममध्ये नळ सोडताना हे माहीत असायला हवं, असं मला मनापासनं वाटतं. कोल्हापुरातसुद्धा.

आता मुद्द्याचं. डिसेंबरात मी येतेय, तेव्हा आपण भोगावतीच्या कडेनं राधानगरीला सायकलनं जायचं. मोठ्या रस्त्यानं नको, तेव्हा ऊसतोड ऐन भरात असते आणि ट्रॅक्टरच्या दोन-दोन ट्रॉल्यांशेजारी सायकल चालवणं जिवावरचं काम. मी नकाशावर नदी धरून आखलंय: हळदी, राशिवडे, शिरगाव, तारळे. या सगळ्या ठिकाणी बंधारे आहेत. नदीच्या या काठानं पाणंदीतनं जायचं, बंधाऱ्यावरनं पलीकडं, मग त्या काठानं. साऱ्या देशात ज्याला कोल्हापूर पद्धतीचा बंधारा म्हणतात, तो त्याच्याच गावात पायाखाली घालून जायचं, आणि शेवटी राधानगरी धरणाचा लक्ष्मी तलाव अन् ते सात स्वयंचलित दरवाजे. पावसाळ्यात दरवाजे उघडल्याची बातमी आली की मी इथंही पंचगंगेची पातळी बघत बसते, राजाराम बंधाऱ्यावर ३९ फूट, म्हणजे इशाऱ्याची पातळी, झाले की झोप लागत नाही.

पन्हाळ्याजवळच्या मसाई पठारावर सायकल न्यायचं बारक्याच्या डोक्यात आहे, पण तिथं वाट सोडून चाक घालायचं नाही. जांभ्यावर मातीचा थर बोटभर, तो एकदा उखडला की पावसाळ्यातली फुलं गेली. इथं सायकलवाल्याला घोडेवाटांवरनं जायचा हक्क १९६८ च्या कायद्यानं मिळालाय. त्यातच अट आहे की चालणाऱ्याला आणि घोडेस्वाराला आधी वाट द्यायची. लोक ती पाळतात. मेंढरांचं फाटक जसं होतं तसं लावून पुढं जातात. आपणही शेतकऱ्याला विचारूनच पाणंदीत शिरू.

आबा, तुमच्या ओळखीनं एवढं विचारून ठेवा: डिसेंबरपर्यंत चारही ठिकाणी बरगे (पाणी अडवायच्या फळ्या) घालून होतात का, आणि बंधाऱ्यावरनं सायकल हातात धरून नेता येईल इतपत वाट आहे का. बारक्यानं आपल्या सायकलीच्या फोर्कमध्ये ४० मिलिमीटरचं टायर बसतं का ते मोजून कळवावं. बसत असेल तर मी येताना इथनं जोडी घेऊन येते. आई, राधानगरीच्या दिवशी गूळपोळ्या हव्यात. इथं गूळ मिळतो, पण त्याला आपल्या गुऱ्हाळाचा वास नाही. आणि आबा, गुडघा बरा असेल तर तुम्ही तारळ्यापासनं आमच्याबरोबर या, नाहीतर गाडीनं पुढं होऊन धरणावर थांबा.

तुमची लेक