खानापूर स्टँडजवळच्या अण्णांना

अण्णा,

सप्रेम नमस्कार.

आमच्या थोरलीला बेळगाव जिल्ह्यातल्या अरभावीच्या कित्तूर राणी चन्नम्मा उद्यानविद्या महाविद्यालयात प्रवेश मिळाला, आता ती वसतिगृहावर रुळलीही आहे. पेढे घेऊन दुकानात आलो तेव्हा तुमच्यापुढं रांग होती. "झालं की ओ वैनी, माझं काय त्यात," म्हणालात आणि पुढच्या माणसाचं आधार कार्ड हातात घेतलंत. जे बोलायचं होतं ते राहूनच गेलं, म्हणून हे पत्र. उघड लिहितेय, कारण आमच्या जांबोटी भागात दहावी-बारावीची पोरं असलेली घरं पुष्कळ आहेत. तुमच्या दुकानात झेरॉक्स आणि ऑनलाइन फॉर्म याशिवाय काय मिळतं, हे त्यांना कळायला हवं.

दहावीचा निकाल लागला तेव्हा आम्ही पहिल्यांदा आलो. सायन्स घ्यायचं ठरलं होतं, अडलं होतं ते पीसीएमबी की पीसीएमसी यावर, म्हणजे फिजिक्स-केमिस्ट्री-गणिताबरोबर जीवशास्त्र घ्यायचं की कॉम्प्युटर. घरातल्या मोठ्यांचं म्हणणं, कॉम्प्युटर घेतला की पुढं सोपं. तुम्ही लेकीला विचारलंत, "जीवशास्त्र आवडतंय काय?" ती हो म्हणाली. मग आम्हाला समजावलंत की जीवशास्त्र सोडलं तर मेडिकल, शेती, उद्यानविद्या, पशुवैद्यकीय हे सगळं आजच बंद होतं. इंजिनिअरिंगला मात्र बारावीत कॉम्प्युटर असावाच लागत नाही, फिजिक्स-गणित असलं की पीसीएमबीवालाही जातो. गणित आणि जीवशास्त्र दोन्हींचा अभ्यास जड जाईल हेही सांगितलंत, काही लपवलं नाहीत. त्याच दिवशी आमच्या शेजारच्या मुलाला तुम्ही वेगळंच सांगितलंत. त्याला मशिनची आवड, पुस्तकाचा कंटाळा. तीन वर्षांचा डिप्लोमा कर, पुढं शिकावंसं वाटलं तर डीसीईटी ही डिप्लोमावाल्यांची प्रवेश परीक्षा देऊन थेट इंजिनिअरिंगच्या दुसऱ्या वर्षाला जाता येतं, म्हणालात. तो आता डिप्लोमा करतोय आणि सुट्टीत बेळगावात उद्यमबागच्या एका फौंड्रीत जातो. दोन पोरं, एकाच गावची, एकाच शाळेची, आणि तुम्ही दोघांना एकच औषध दिलं नाहीत.

मराठी माध्यमातून गेलेल्या मुलीला पीयूचं पहिलं वर्ष, म्हणजे अकरावी, किती अवघड जातं, ते ज्यांच्या घरी झालंय त्यांनाच ठाऊक. ते दिवस गेले. त्यावर जास्त लिहीत नाही.

कागदांचं मात्र लिहायलाच हवं. सीईटीचा, म्हणजे कर्नाटकाच्या प्रवेश परीक्षेचा, फॉर्म भरायच्या कितीतरी आधी तुम्ही आमच्याकडून एकेक दाखला मागून घेतलात. जात-उत्पन्नाचा दाखला नाडकचेरीतून, म्हणजे महसूल कचेरीतून, त्यावरचा आरडी नंबर (दाखल्याचा क्रमांक) नीट वाचता येतो का ते बघून. पहिली ते दहावी खेड्यातल्या शाळेत शिकल्याचं प्रमाणपत्र, त्यावर हेडमास्तरांची सही आणि बीईओ (गटशिक्षणाधिकारी) ऑफिसची सही-शिक्का. दहाही वर्षं कर्नाटकातल्या ग्रामीण भागातच झालेली असली पाहिजेत, तरच ग्रामीण राखीव जागा लागू होते, हे आमच्या गावात किती जणांना माहीत होतं? चांगली शाळा म्हणून आठवीला पोराला बेळगावला घालणारे आईबाप मी बघितलेत. त्यांना कुणी सांगितलंच नव्हतं. कन्नड माध्यमाच्या राखीव जागा आमच्या मुलांना लागू होत नाहीत, हेही तुम्ही पहिल्याच दिवशी स्पष्ट केलंत. खोटी आशा लावली नाहीत, हे मला फार मोठं वाटतं.

आणि ह्यांच्या नावातला तो 'ज्ञ'! आधारवर इंग्रजीत एक स्पेलिंग, लेकीच्या दहावीच्या मार्ककार्डावर दुसरं, नाडकचेरीच्या दाखल्यावर कन्नडमधून आलेलं तिसरंच. आम्ही म्हटलं, वाचणाऱ्याला कळतं की. तुम्ही म्हणालात, "वाचणारा माणूस असला तर कळंल, वैनी. हितं कॉम्प्युटर हाय." तिन्ही कागद काचेवर शेजारी शेजारी ठेवून पेन्सिलीनं खुणा केल्यात आणि आधी काय दुरुस्त करायचं, मग काय, हे एका चिठ्ठीवर लिहून दिलंत. ती दुरुस्ती जानेवारीतच झाली. जूनमध्ये पडताळणीच्या वेळी लोक तालुक्याच्या कचेरीत पळत होते, तेव्हा आम्ही घरी भात पेरत होतो.

महाराष्ट्राचा पर्याय तुम्हीच पुढं ठेवलात. वादग्रस्त सीमाभागातली ८६५ गावं, तिथल्या मराठी मातृभाषेच्या मुलांना महाराष्ट्रातल्या इंजिनिअरिंगच्या प्रवेशात अर्ज करता येतो. त्यासाठी सीमाभागातला असल्याचा एक आणि मातृभाषा मराठी असल्याचा एक, असे दोन दाखले लागतात. तिकडची सीईटी वेगळी, तिची नोंदणीही वेगळी आणि आधीच सुरू होते. आमच्याकडे या विषयावर बोलताना आवाज चढतो, डोळ्यांत पाणीही येतं. माझ्या सासऱ्यांचं निम्मं आयुष्य सीमाप्रश्नाच्या मोर्चात गेलं, त्यांना नातीनं कोल्हापूरला शिकावं असं मनापासून वाटत होतं. तुम्ही त्यांच्याशी वाद घातला नाहीत. "आजोबा, दोन्हीकडचे फॉर्म भरू या. शेवटी कुठं जायचं ते पोरगीच सांगंल," एवढंच म्हणालात. दोन्ही फॉर्म भरले. पुण्याच्या आत्याचं तिसरंच होतं, पुण्यालाच पाठवा म्हणून. तिच्यासाठी तुम्ही मला कागद-पेन दिलंत आणि खोलीचं भाडं, मेस, येण्याजाण्याचा खर्च, क्लास असं एकाखाली एक लिहायला लावलंत, चार वर्षांचं. बेरीज झाल्यावर आत्यालाही पटलं. कुणी वाईट वाटून घेतलं नाही.

मधेच एका माणसाचे फोन सुरू झाले होते. मुलीचा निकाल लागायच्या आधीच तो सीट पक्की करून देतो म्हणत होता, थोडे पैसे आणि मूळ मार्ककार्ड आणून द्या म्हणत होता. हे घाबरले होते, संधी जाईल म्हणून. तुम्ही फोन स्पीकरवर घ्यायला लावलात आणि त्याला एकच विचारलंत, ही सीट केईएच्या (कर्नाटकाच्या परीक्षा प्राधिकरणाच्या) यादीतून मिळणार की मॅनेजमेंटची? तो गडबडला. सीईटीतून मिळणाऱ्या सरकारी जागेची फी ठरलेली असते, मॅनेजमेंटची जागा कितीतरी महाग पडते, आणि मूळ कागद कॉलेजनं स्वतःकडे ठेवून घ्यायचे नाहीत हे यूजीसीनं २०१८ मध्येच सांगितलंय, हे आम्हाला त्या दिवशी कळलं. त्यानंतर त्याचा फोन आला नाही.

आता खरं ते लिहिते.

लेकीला उद्यानविद्या करायची होती. आमच्याकडे काजूची झाडं आहेत, थोडे आंबे. आजोबांबरोबर बसून कलमं बांधायला ती सातवी-आठवीतच शिकली. ब्लेडनं पाचर तासायची, खुंटाच्या चिरेत सालीला साल लावून बसवायची, पट्टी गुंडाळताना बोटाखाली जराही हलू द्यायची नाही. तिचं कलम धरतं, आजोबांपेक्षा जास्त धरतं. पण हे तिनं कधी मोठ्यांदा सांगितलं नव्हतं. एकदा अर्ज भरताना शेतकऱ्यांच्या मुलांच्या राखीव जागांचा रकाना आला. तुम्ही विचारलंत, "उतारा कुणाच्या नावावर हाय?" आणि तिचा चेहरा फुलला तो तुम्ही बघितलात. आम्ही शेजारी बसून बघितला नव्हता. प्रात्यक्षिक परीक्षेत बियाणं, खतं, अवजारं ओळखायची असतात हे तुम्हीच सांगितलंत. मग सासऱ्यांनी तिला परड्यात बसवून आठवडाभर एकेक वस्तू हातात दिली. मोर्चातल्या माणसाला नातीच्या कर्नाटकातल्या परीक्षेची तयारी घेताना बघून मला काय वाटलं, ते मी इथं लिहू शकत नाही.

कॉलेजांच्या पसंतीचे पर्याय भरायच्या आधी तुम्ही आम्हाला कॉलेज बघून यायला सांगितलंत. "गेटवरनं परत येऊ नका. वसतिगृह बघा, मेसमध्ये जेवा, दुसऱ्या वर्षाच्या पोरींना गाठून विचारा." खानापूरहून घटप्रभेपर्यंत एकाच लाईनवरची रेल्वे, तिथून अरभावी जवळच. आम्ही गेलो. लेक रोपवाटिकेत रमली आणि मी मेसमधल्या मुलींशी बोलले. ज्वारीची भाकरी खाता खाता त्यांनी सगळं सांगितलं. शिकवणं इंग्रजीत असतं, वसतिगृहात बोलणं कन्नडमध्ये, पहिले काही महिने जरा एकटं वाटतं, मग नाही. बाथरूमला पाणी कधी येतं इथपासून रात्री बरं नसलं तर कुणाला उठवायचं इथपर्यंत मी विचारलं. आईला हेच हवं असतं. माहितीपुस्तकात ते कुठं छापतात?

आणि मग तो पर्याय भरायचा दिवस. ह्यांनी आणि दिरांनी मिळून यादी केली होती. वर सगळी कॉम्प्युटर सायन्सची कॉलेजं, बेळगावची, मग हुबळीची, आणि खाली उद्यानविद्या. ह्यांचं म्हणणं होतं, वर टाकून तर ठेवू, नको असलं तर सोडू. तुम्ही कीबोर्डवरचे हात बाजूला घेतलेत. सांगितलंत की इंजिनिअरिंग आणि शेतीचे अभ्यासक्रम एकाच यादीत भरायचे असतात आणि वरचा पर्याय मिळाला की खालचे सगळे आपोआप गळतात. म्हणजे वर नुसतं ठेवलेलं कॉम्प्युटर मिळालं, तर उद्यानविद्या तिच्यापर्यंत येणारच नाही. मग तुम्ही तुमचं स्टूल सोडलंत, मॉनिटर तिच्याकडे वळवलात आणि म्हणालात, "पोरी, तू बस. पहिला नंबर कुठला ते तू सांग. बाबा हायत, आई हाय, त्यांना काय विचारायचं ते विचार. पण नंबर तू घाल."

बाहेर रांग होती, अण्णा. सर्व्हर कधी बंद पडेल याची खात्री नव्हती. एका फॉर्मचे तुम्ही जे घेता ते घेऊन तुम्हाला दहा मिनिटांत आम्हाला वाटेला लावता आलं असतं.

ह्यांनी विचारलं, नोकरीचं काय? बापाचा प्रश्न होता आणि रास्त होता. तुम्ही तो झटकला नाहीत. बँकांत कृषी अधिकाऱ्याची भरती होते, तिला उद्यानविद्येची चार वर्षांची पदवी चालते. केपीएससीतून, म्हणजे कर्नाटक लोकसेवा आयोगातून, उद्यान खात्यात जागा निघतात. रोपवाटिका आहेत, बियाण्याच्या कंपन्या आहेत, घरची बाग आहे. "हमी मी देत न्हाई, दादा. इंजिनिअरिंगचीबी कोण देत न्हाई." हे बराच वेळ गप्प बसले. मग लेकीला म्हणाले, "अरभावी वर घे." तिनं घेतलं. दुसऱ्या नंबरला बागलकोट, मग बाकीची, आणि सगळ्यांत खाली दोन कॉम्प्युटर. ते तिनं स्वतःहून ठेवले, बाबांसाठी.

मॉकमध्ये बागलकोट आलं तेव्हा आमचं काळीज हललं. तुम्ही म्हणालात, ही नुसती चाचणी, खरी यादी नव्हे, घाबरून क्रम फिरवू नका. पहिल्या फेरीत अरभावी आलं. पहिला चॉइस म्हणजे जागा पक्की, दुसरा म्हणजे ही राहू दे पण वरची मिळते का बघा, तिसरा म्हणजे ही नको, पुढच्या फेरीत बघू, चौथा म्हणजे आपण बाहेर, हे सगळं पुन्हा समजावून मगच तुम्ही तिला पहिल्यावर बोट ठेवू दिलंत.

शिकलेली, मोठ्या हुद्द्यावरची माणसं आमच्या नात्यात आहेत. सगळ्यांनी मनापासून सल्ले दिले, त्यांचेही उपकार आहेत. पण आमच्या लेकीला काय हवंय हे तिच्याच तोंडून आम्हाला ऐकवलं ते तुम्ही. नात्याचे नाही, गोत्याचे नाही, तुमच्या दोन पोरांची शाळा आणि दुकानाचं भाडं तुमच्यामागं आहेच. तरी तुम्ही आम्हाला वेळ दिलात. आम्ही दोघं, माझे सासू-सासरे, सगळे तुमचे ऋणी आहोत.

आता दोन कामाच्या गोष्टी. धाकटा यंदा दहावीला आहे. त्याचा जात-उत्पन्नाचा दाखला दिवाळीनंतर लगेच काढायचा म्हणते, सोमवारी सकाळी दुकान उघडायच्या वेळेला येते. त्याला काय करायचंय ते अजून त्यालाच ठाऊक नाही. तुम्ही त्याला बसवून विचाराल का, हे मी आत्ताच विचारून ठेवते. आणि गावातल्या आणखी चार आया माझ्याबरोबर येणार आहेत. त्यांच्याकडून आणि आमच्याकडूनही यंदा बसल्या वेळेचे पैसे घ्या, नुसते झेरॉक्सचे नकोत. नाही म्हणालात तर सासरे स्वतः येऊन देतील, आणि त्यांच्यापुढं तुमचं काही चालायचं नाही.

तुमची,
जांबोटी भागातली वैनी