मदतीचं आवाहन छापता, त्याशेजारी विम्याच्या चार ओळीही छापा

मा. संपादक,
सप्रेम नमस्कार.

तुमच्या पेपरात आतल्या पानावर दर आठवड्याला एक छोटी चौकट असते, 'उपचारासाठी मदतीचे आवाहन'. फोटो, आजाराचं नाव, खर्चाचा आकडा, बँकेचा खाते नंबर. पूर्वी मी ती वाचायचो आणि पान उलटायचो. आता ती चौकट दिसली की पुढचं काही वाचवत नाही, कारण गेल्या वर्षी फेब्रुवारीत असाच मजकूर मी स्वतः टाइप केला होता, माझ्या सख्ख्या मोठ्या भावासाठी, हॉस्पिटलच्या जिन्यात बसून, आणि सत्तावीस व्हॉट्सॲप ग्रुपवर टाकला होता. हे पत्र त्यासाठीच लिहितोय, थोडं मोठं होईल, सांभाळून घ्या.

दादा अंबडच्या एमआयडीसीत एका कंपनीत फिटर होता. वय ४६, हातात पगार ३८ हजार, पाथर्डी फाट्याजवळ कर्जावर घेतलेला टू बीएचके, पुतणी अकरावीला आणि पुतण्या सहावीला. सेकंड शिफ्टला असताना डोकं धरून खाली बसला, मेंदूत रक्तस्राव झाला होता, लोकांनी जवळ पडेल त्या हॉस्पिटलला नेलं आणि ते बरोबरच केलं, तिथे कोण विचार करत बसणार. ऑपरेशन झालं, १९ दिवस आयसीयू आणि वॉर्ड मिळून, बिल झालं ८ लाख ६४ हजार. कंपनीचा ग्रुप मेडिक्लेम होता ३ लाखांचा. तेवढे मिळाले, कटकट न होता मिळाले. उरले ५ लाख ६४ हजार. व्हॉट्सॲपवरून १ लाख १२ हजार जमले, देणाऱ्यांचे उपकार मी विसरणार नाही, त्यात दादाच्या शाळेतल्या एका बाईंनी पेन्शनमधून ५०० रुपये पाठवले होते. बाकीचे साडेचार लाख म्हणजे वहिनीचं गंठण, पाटल्या आणि पतसंस्थेचं कर्ज. दादा घरी आला, पाच आठवडे राहिला, आणि एप्रिलमध्ये गेला.

तेराव्याच्या दुसऱ्या दिवशी वहिनीने कपाटातून साडीच्या दुकानाची एक पिशवी काढली आणि माझ्यासमोर उलटी केली. एलआयसीच्या पावत्या, बॉण्ड, जुनं पासबुक, लाइट बिलं, मुलांच्या फीच्या पावत्या सगळं एकत्र. म्हणाली, भाऊजी, ह्यात काय आहे ते मला माहीत नाही, ते बघायचे सगळं. पंधरा वर्षं दर वर्षी ४८ हजार हप्ता भरलेल्या घरातली ही बाई, पदवीधर, आणि तिला आपल्या नवऱ्याचा विमा किती आहे हे ठाऊक नव्हतं. तिचा दोष नाही. कोणी सांगितलंच नाही. मी तिथे बसलो होतो आणि मनात म्हणत होतो की माझ्याही बायकोला कुठे माहीत आहे.

तीन पॉलिसी निघाल्या, दोन मनीबॅक (दर काही वर्षांनी थोडे पैसे परत देणाऱ्या) आणि एक एंडोमेंट (मुदत संपली की एकदम पैसे देणारी). तिन्ही मिळून विमा साडेसात लाखांचा, बोनस धरून ९ लाख ४० हजार मिळाले. ४८ हजार हप्ता आणि साडेसात लाख कव्हर. हे मी कोणाला दोष द्यायला लिहीत नाहीये. आमचे एजंट काका वडिलांचे मित्र, माणूस सरळ, दिवाळीला कॅलेंडर घेऊन यायचे. आपल्याकडे विमा म्हणजे बचत हेच डोक्यात बसलेलं आहे. १९५६ साली जानेवारीत चिंतामणराव देशमुखांनी अर्थमंत्री म्हणून आयुर्विम्याचं राष्ट्रीयीकरण जाहीर केलं आणि त्याच वर्षी १ सप्टेंबरला एलआयसी सुरू झाली, तेव्हापासून आपल्या आईवडिलांच्या पिढीने तिच्यावर डोळे मिटून विश्वास ठेवला आणि तो विश्वास खोटाही ठरला नाही, पैसे मिळतात. प्रश्न मिळतात का हा नाही, पुरतात का हा आहे. वीस वर्षांनी किती परत येणार एवढंच आपण एजंटला विचारतो. मी उद्या गेलो तर घरी किती येणार, हा प्रश्न दादाने कधी विचारला नाही, मीही नाही.

आणि त्यातल्या सगळ्यात जुन्या पॉलिसीवर, २००४ सालच्या, नॉमिनी म्हणून वडिलांचं नाव. लग्नाआधीची पॉलिसी ना. वडील २०१५ मध्ये गेले. नाव बदलायला एक फॉर्म लागतो, पण ते राहिलं, आणि त्या एका पॉलिसीसाठी वारसाचे कागद, स्टॅम्प पेपर, वकील, चकरा यात चार महिने गेले.

आता पासबुकाची गोष्ट सांगतो, ती जास्त महत्त्वाची आहे. पासबुक छापून आणलं तर पुतणी ओळीवर बोट ठेवून म्हणाली, काका हे ४३६ कसले? मे महिन्यात एकच एंट्री. वहिनीला वाटलं बँकेचा चार्ज असेल. मी बँकेत जाऊन विचारलं तर ती प्रधानमंत्री जीवन ज्योती विमा योजना. कधीतरी काउंटरवर बँकेवाल्या मॅडमनी दादाची सही घेतली असणार, तेव्हा वर्षाला ३३० कापायचे, २०२२ च्या जूनपासून ४३६ झाले. १८ ते ५० वयाच्या कोणालाही काढता येतो, मृत्यू कशानेही झाला तरी वारसाला २ लाख, फक्त नवीन काढल्यावर पहिले ३० दिवस अपघात सोडून बाकी कव्हर नसतं. वर्ष १ जून ते ३१ मे. मे अखेरीला खात्यात पैसे नसतील तर कापले जात नाहीत आणि विमा बंद पडतो, हे कोणी सांगत नाही. जोडीला अपघाताचा सुरक्षा विमा आहे, वर्षाला २० रुपये, तोही २ लाखांचा, वय ७० पर्यंत. वाचकहो, पेपर खाली ठेवा आणि आपलं पासबुक बघा. आईवडिलांचं, बायकोचंही बघा. आमच्या घरात त्या एका ओळीने २ लाख आले आणि आम्ही ती ओळ जवळजवळ सोडून दिली होती.

दुसरी अशीच गोष्ट पीएफची. ज्याचा पीएफ कापला जातो त्याचा ईडीएलआय नावाचा विमा आपोआप असतो, कामगाराच्या पगारातून त्यासाठी एक रुपया जात नाही, मालक भरतो. नोकरीत असताना माणूस गेला तर वारसाला जास्तीत जास्त ७ लाख मिळतात. आम्ही पीएफ आणि पेन्शनचे फॉर्म भरून घरी निघालो होतो, तर युनियनमधल्या एका जुन्या माणसाने गेटवर थांबवून विचारलं, ५ आयएफ भरला का? आम्ही म्हणालो तो काय असतो. तर तो ह्याच ईडीएलआयचे पैसे मागण्याचा फॉर्म. नाशिकच्या सातपूर-अंबडमध्ये, पुण्याच्या चाकण-भोसरीत, वाळूजला, बुटीबोरीला किती हजार घरं असतील ज्यांनी हा फॉर्म भरलाच नाही, विचार करून पोटात खड्डा पडतो.

तर हिशोब असा झाला. पॉलिसीचे ९ लाख ४०, बँकेचे २, ईडीएलआयचे ७, एकूण १८ लाख ४० हजार. ऐकायला मोठी रक्कम, नातेवाइकांनाही वाटलं की चला, भागलं. पण घराचं कर्ज १७ लाख बाकी होतं आणि हॉस्पिटलपायी साडेचार लाख डोक्यावर. म्हणजे सगळं देऊनही तीन लाख कमी. विधवा पेन्शन महिन्याला चार हजारांच्या आत, आणि पीएफची रक्कम मुलांच्या शिक्षणाला हात न लावता ठेवायची असं ठरवलंय, बघू किती दिवस जमतंय. वहिनी आता एका दुकानात अकाउंट्स बघते, १२ हजार पगार.

'पुरेसा' विमा म्हणजे किती हे मला तेव्हा कळलं, आधी कोणी सांगितलं असतं तर. घरखर्च महिन्याला ३० हजार धरा, वर्षाचे ३ लाख ६०. ही रक्कम ७ टक्के व्याजाने हवी असेल तर बँकेत ५१ लाख ठेवावे लागतात, तेही महागाई न धरता, आणि महागाई न धरून चालत नाही. त्यात कर्जाचे १७ मिळवा, दोन मुलांचं शिक्षण मिळवा. ७५ लाख ते एक कोटीच्या खाली आकडा येतच नाही, आणि हा साध्या फिटरच्या घराचा आकडा आहे, कोणा श्रीमंताचा नाही. एवढं कव्हर मनीबॅकमधून मिळणार नाही, हप्ता भरूच शकत नाही आपण. त्याला टर्म इन्शुरन्सच लागतो, म्हणजे मुदतीत माणूस गेला तरच घरी पैसे येतात, जगलात तर साध्या टर्मला काही परत मिळत नाही. लोक इथेच अडतात, पैसे पाण्यात म्हणतात. अहो, गाडीच्या विम्याचे पैसे ॲक्सिडेंट झाला नाही म्हणून कधी कोणी परत मागितलेत का?

मी गेल्या वर्षी जूनमध्ये ७५ लाखांचा टर्म घेतला. वय ४१, शुगर आहे. फॉर्म भरताना एकाने सल्ला दिला की शुगर लिहू नका, हप्ता वाढेल. मी लिहिली. हप्ता वाढला, २२ हजार ४०० झाला आणि त्यावर जीएसटी ४ हजार ३२. पण आता बायकोच्या मागे कोणी 'माहिती लपवली' म्हणून लागणार नाही. आयुर्विम्यात तीन वर्षं झाली की कंपनीला त्या कारणाने पॉलिसीवर प्रश्न उठवता येत नाही हे खरं, विमा कायद्याचं कलम ४५ आहे, पण त्या तीन वर्षांतच काही झालं तर? लपवण्यात कुटुंबाचा काडीचा फायदा नाही. आणि २०२५ च्या २२ सप्टेंबरपासून वैयक्तिक आयुर्विमा आणि आरोग्य विमा दोन्हींवरचा १८ टक्के जीएसटी शून्य झालाय, त्यामुळे यंदा ते ४ हजार वाचले.

आजारपणाचं आणखी एक सांगायलाच हवं, कारण ते आमच्या आईच्या वेळी अंगावर आलं. पित्ताशयाचं ऑपरेशन, पॉलिसी ३ लाखांची, बिल १ लाख ४०. बसतंय की आरामात, असं वाटलं. पॉलिसीत रूमचं भाडं विम्याच्या रकमेच्या एक टक्का, म्हणजे दिवसाला ३ हजारांपर्यंतच, आणि आम्ही आईला त्रास नको म्हणून ६ हजारांची खोली घेतली. मग फक्त खोलीचं अर्धं कापत नाहीत, डॉक्टरची फी, ओटी, नर्सिंग सगळं त्याच प्रमाणात अर्धं. औषधं-तपासण्या तेवढ्या पूर्ण मिळाल्या, ग्लोव्हज वगैरे किरकोळ वेगळं कापलं, हातात आले ८१ हजार. पॉलिसीच्या कागदात ते लिहिलेलं होतं, मी वाचलं नव्हतं. तुम्ही वाचा, रूम रेंटची ओळ शोधून वाचा. आणि कंपनीच्या मेडिक्लेमवर विसंबून राहू नका, नोकरी गेली की तोही जातो, आणि माणूस जास्त आजारी पडला की नोकरी जातेच. आता मी ५ लाखांची फॅमिली पॉलिसी आणि वर २० लाखांचा सुपर टॉप-अप असं केलंय, पहिले ५ लाख संपले की टॉप-अप चालू होतो, म्हणून त्याचा हप्ता आवाक्यात असतो. शुगरसारख्या आधीपासूनच्या आजाराचा क्लेम मिळायला काही वर्षं थांबावं लागतं, पण २०२४ पासून ते जास्तीत जास्त तीन वर्षं, पूर्वी चार होती. म्हणून लवकर काढायचा, म्हणजे ती वर्षं धडधाकट असताना निघून जातात.

ज्यांना हप्ता परवडतच नाही त्यांच्यासाठी महात्मा फुले जनआरोग्य योजना आहे, कुठल्याही रंगाचं रेशनकार्ड चालतं, कुटुंबाला वर्षाला ५ लाखांपर्यंत उपचार मोफत, आणि सत्तरी ओलांडलेल्यांना आयुष्मान कार्ड, उत्पन्न कितीही असो. पण हॉस्पिटल योजनेत असलं पाहिजे. दादाचं नव्हतं. आपल्या घराजवळचं कोणतं हॉस्पिटल योजनेत आहे हे ज्याला आधी माहीत नसतं त्याला रात्री साडेदहाला ते कळत नाही, आम्हाला नाही कळलं.

क्लेम नाकारला म्हणून लोक रडून गप्प बसतात तेही करू नका. आधी कंपनीकडे लेखी तक्रार, ३० दिवसांत उत्तर आलं नाही किंवा पटलं नाही तर एक वर्षाच्या आत विमा लोकपालाकडे जा, म्हणजे विम्याच्या तक्रारींचा निवाडा करणारा अधिकारी, मुंबईत आणि पुण्यात ऑफिस आहे, फी नाही, वकील लागत नाही, ५० लाखांपर्यंतची प्रकरणं घेतात.

संपादक साहेब, विनंती एवढीच. ती मदतीची चौकट छापणं बंद करू नका, कोणाला तरी त्यातून ५०० रुपये मिळतात आणि ते ५०० किती मोठे असतात ते मला माहीत आहे. पण तिच्याशेजारी दोन इंच जागा काढून हे छापत जा: पासबुकातली ४३६ ची ओळ, पीएफचा ५ आयएफ फॉर्म, जनआरोग्य योजनेत असलेल्या आपल्या जिल्ह्यातल्या हॉस्पिटलांची यादी, लोकपालाचा पत्ता. मी माझ्या घरी कपाटाच्या दाराला आतून एक कागद चिकटवलाय, पॉलिसी नंबर, रक्कम, नॉमिनी, कोणाला फोन करायचा. बायकोने तो वाचला, दोन ठिकाणी प्रश्न विचारले, आणि माझं अक्षर लागत नाही म्हणून मुलीकडून पुन्हा लिहून घेतला.

आपला,
एक नियमित वाचक, सिडको, नाशिक