सिस्टर, आज सकाळी गुंड्याची साखर 212

सिस्टर, नमस्कार.

पत्र बघून तुम्ही आधी म्हणणार, "एवढं काय लिहायचं त्यात!" तरी लिहितेय, आणि चारचौघांसमोर लिहितेय. तुम्ही रत्नागिरीला लेकीकडे राहायला निघालात त्या दिवशी जिन्यात गाद्या, ट्रंका, टेम्पोवाल्याची घाई, आणि मी आपली नुसतं "सावकाश जा" म्हणाले. दोन वर्षं आमचं दार वाजवणाऱ्या माणसाला एवढाच निरोप! शिवाय "बोक्याला इन्सुलिन?" म्हणून हसणारे आपल्या सोसायटीत होते तसे बाहेरही असणार. आणि एखाद्या घरात कुणीतरी आत्ता, माझ्यासारखंच, हातात सुई धरून रडकुंडीला आलेलं असेल.

मी आले होते तशीच तुमच्याकडे. आमचा बोका गुंड्या बादलीतलं पाणी पीत सुटला होता, त्याच्या मातीच्या ट्रेमध्ये लघवीच्या लिंबाएवढ्या गोळ्यांचे नारळाएवढे गोळे व्हायला लागले होते, आणि मागचे पाय टाचांवर टेकवून सशासारखा चालत होता. साखर निघाली 438. मधुमेह. डॉक्टरांनी ग्लार्जिन नावाचं इन्सुलिन लिहून दिलं, एक युनिट सकाळी, एक संध्याकाळी, मध्ये बारा तास. क्लिनिकमध्ये सोपं वाटलं होतं. घरी आल्यावर हात असा थरथरायला लागला की सुई त्याच्याऐवजी मलाच टोचली.

तुम्ही दार उघडलंत, ऐकून घेतलंत आणि म्हणालात, "मी मांजराला हात लावणार नाही. तुमचा हात धरते." मांजर आडवं गेलं की चार पावलं मागे जाणाऱ्या तुम्ही! परळच्या हॉस्पिटलात सगळी नोकरी गेली, जनावरांचं बैलघोडा हॉस्पिटल रोजच्या वाटेवर, पण त्या फाटकातून आत कधी डोकावलासुद्धा नाहीत, हे तुम्हीच सांगितलं होतंत.

आधी मोसंबी आणायला लावलीत. मोसंबीत पाणी टोचायचं, सुई तिरकी, दट्ट्या सावकाश. मग म्हणालात, "बाटली आणि सिरिंज शेजारी शेजारी धरा." धरली. बाटलीवर एका मिलीला 100 युनिट, आणि दुकानातून आलेली सिरिंज लाल टोपीची, म्हणजे 40 ची. त्या सिरिंजवरच्या एका रेघेइतकं औषध भरलं असतं तर बोक्याच्या अंगात एकाच्या जागी अडीच युनिट गेलं असतं. तुम्ही आवाज चढवला नाहीत. "लाल चाळीसची, नारिंगी शंभरची," एवढं म्हणून मला बदलून आणायला पिटाळलंत. घाट उतरल्यासारखे पाय लटपटत होते माझे.

पुढची गोष्ट मी आता सगळ्यांना सांगते. एकदा सुई दिली आणि बोटाला ओलं लागलं. औषध आत गेलं की केसांवर सांडलं, कळेना. तुम्ही हात लावला नाहीत, पण मला बोट नाकाशी न्यायला सांगितलंत. बँडेजच्या पट्टीसारखा, दवाखान्यासारखा वास. "इन्सुलिनला हा वास असतोच. बाहेर गेलंय. आता परत द्यायचं नाही. किती आत गेलं ते माहीत नाही, तर दुसरं द्यायचंच नाही. एक वेळ साखर चढली तर चढू दे." नंतर डॉक्टरांनीही अक्षरशः हेच सांगितलं.

वहीही तुमचीच. शंभर पानी, पट्टीने आखलेली: वेळ, साखर, खाल्लं किती, युनिट, पाणी, शेरा. तुम्ही त्याला चार्ट म्हणायचात. मी चार्ट भरला नाही की "पेशंट तुमचा आहे, माझा नाही" असं ऐकवायचात, तेही वॉचमनसमोर. तेव्हा राग आला होता. कानाच्या कडेच्या शिरेतून थेंब काढायचा, आधी कोमट फडकं लावायचं, कानामागे कापूस धरायचा, हे डॉक्टरांनी शिकवलं. माणसांच्या मीटरवर मांजराची साखर खरीपेक्षा कमी दिसते, म्हणून मीटर बदलायचं नाही, हेही त्यांचंच. पण रात्री अकराला "आजचा आकडा कुठाय?" विचारायला डॉक्टर थोडेच येतात.

आता मुख्य. पाच महिने झाले तरी आकडे साडेतीनशेच्या खाली येईनात. डोस एकावरून चार, सहा, आठ. डॉक्टरांनी दात बघितले, लघवी तपासली, नवीन बाटली आणवली, माझं टोचणं समोर करून घेतलं. सगळं ठीक. आणि मी खूश होते, कारण गुंड्या 5.1 किलोवरून 6.3 वर गेला होता. मला वाटलं, अंगी लागतंय.

तुम्ही चहा पीत खुर्चीत बसला होतात. बशी खाली ठेवलीत. "हा जाड कसा होतोय हो? साखर चारशे, आणि वजन वाढतंय? आमच्या वॉर्डात असा पेशंट वाळायचा." मग मोबाईलमधला जुना फोटो काढायला लावलात. तीन वर्षांपूर्वीचा गुंड्या खिडकीत बसलेला. समोर आत्ताचा. तोंड रुंद झालेलं, खालचा जबडा पुढे, आणि पंजे... पंजे तर दुसऱ्याच बोक्याचे वाटावेत असे. रोज डोळ्यांसमोर असलेल्या जिवाचं हे मला दिसलं नव्हतं. घोरायलाही लागला होता, त्याचं मला कौतुक होतं!

दोन्ही फोटो बघून डॉक्टर थोडा वेळ काही बोलले नाहीत. मग समजावलं. मेंदूच्या तळाशी पिट्युटरी ग्रंथी असते, तिथे छोटी गाठ होऊन वाढीचं संप्रेरक जास्त सुटायला लागलं की ते इन्सुलिनला काम करू देत नाही, आणि शरीर मात्र वाढत राहतं. ब्रिटनमध्ये मधुमेही 1221 मांजरांची तपासणी झाली होती, 2015 साली ती छापून आली. त्यांतल्या साधारण चारांतल्या एकात याचीच दाट शक्यता निघाली. मग गुंड्याच्या रक्तातलं आयजीएफ-1 तपासलं, वाढीचं संप्रेरक जास्त सुटलं की वाढतं ते, तेही इन्सुलिन सुरू होऊन पुरेसे आठवडे गेल्यावर, कारण आधी केलं तर ते खोटं कमी येऊ शकतं. आकडा हजाराच्या वर आला, म्हणजे गाठीचाच संशय. खात्रीसाठी मेंदूचा स्कॅन, पण त्याला भूल द्यावी लागते, आणि त्याच्या हृदयातला आवाज डॉक्टरांना आवडला नाही. तेव्हा आम्ही थांबलो. फाईलवर अजून "संशयित" असंच आहे. लंडनला आणि नेदरलँड्समधल्या उट्रेख्टला मांजरांच्या या गाठीवर शस्त्रक्रिया करतात म्हणे. आमच्या गुंड्याला टोपलीतून रिक्षात बसवायचं म्हणजे दोन माणसं लागतात.

संशय आला म्हणून आकड्यांमागे धावायचं तरी थांबलं. हे संप्रेरक कमी-जास्त होत राहतं, आज आठ युनिट कमी पडतं तेच उद्या जड होऊ शकतं. ते आम्ही श्रावणातल्या त्या रात्री बघितलं. दहा वाजता गुंड्या भिंतीला धरून चालल्यासारखा झोकांड्या खात होता. मीटरवर 41. मी वाटीत साखरपाणी कालवून चमचा त्याच्या तोंडाशी नेला, तेवढ्यात तुम्ही दारातून ओरडलात, "ओतू नका! श्वासात जाईल!" गाऊनवरच आला होतात, हातात ग्लुकॉन-डीचा डबा. चिमूटभर पूड ओल्या बोटावर घेतलीत, त्याचा ओठ वर केलात आणि हिरड्यांवर चोळलीत. तुमच्या बोटाने. पुन्हा घेतलीत, पुन्हा चोळलीत. वहीत तुमच्याच अक्षरात आहे: 10.20 ला 41, 10.35 ला 63, 10.50 ला 97. मग त्याने उकडलेली कोंबडी खाल्ली. डॉक्टरांशी फोनवर तुम्हीच बोललात, वॉर्डातला रिपोर्ट दिल्यासारखं. दोन वाजेपर्यंत बसलात, आणि जाताना आमच्या बेसिनवर डेटॉलने दोनदा हात धुतलेत. मी बघितलं नाही असं दाखवलं.

तो तुमच्या चपलेवर झोपायला लागला ते त्यानंतरच. तुम्ही पाय काढून घ्यायचात, पण सावकाश.

त्यासाठी, त्या चहाच्या बशीसाठी, लाल टोपीसाठी आणि वॉचमनसमोर ऐकवलंत त्यासाठीही, मनापासून आभार. तुम्ही काहीच घेतलं नाहीत, साडी परत पाठवलीत, म्हणून हे पत्र. हे परत पाठवता येणार नाही.

आज सकाळी 7 ला: साखर 212. निम्मी वाटी खाल्ली. 9 युनिट. पाणी बेताचं. शेऱ्याच्या रकान्यात लिहिलंय, "दाराशी बसून होता, आठ वाजेपर्यंत." तुमची यायची वेळ.

तिसरी वही सुरू झालीय. आखायला पट्टी तुमचीच वापरते, ती मी परत देणार नाही.

तुमची,
तिसऱ्या मजल्यावरची