पुस्तक कुणी वाचलं, का आवडलं, तेही छापा

मा. संपादक,
स.न.वि.वि.

डिसेंबर उजाडला की वर्षभरातल्या वाचनीय पुस्तकांच्या याद्या वर्तमानपत्रांतून येऊ लागतात. आमच्या वाचनालयात त्यांची कात्रणं जपून ठेवतात आणि खरेदीच्या वेळी समितीसमोर मांडतात. शाळेतून निवृत्त झाल्यापासून मी संध्याकाळी देवघेवीच्या टेबलावर बसते. यादी पाहून आलेला सभासद काय विचारतो, ते रोज कानावर पडतं. "बाई, हे कशाबद्दल आहे? मला झेपेल का?" पुस्तकाचं नाव, लेखक, प्रकाशक, किंमत यावरून याचं उत्तर देता येत नाही. शासनमान्य ग्रंथांच्या यादीचंही तेच.

म्हणून आम्ही टेबलावर एक शंभरपानी वही ठेवली. पुस्तक परत करताना ज्याला वाटेल त्याने दोन ओळी लिहायच्या. भाजीचा गाळा चालवणाऱ्या एका ताईंनी एका जाडजूड कादंबरीबद्दल लिहिलं, की सुरुवातीला माणसं फार आहेत, नावं कागदावर टिपून ठेवा, पुढे पुस्तक खाली ठेववत नाही. कपाटात वर्षानुवर्षं पडून असलेली ती कादंबरी त्यानंतर हातोहात फिरू लागली. कुणी लिहितं, अक्षर बारीक आहे, वयस्करांनी दिवसाउजेडी वाचावं. मला ही नोंदसुद्धा मोलाची वाटते.

विष्णुभट गोडसे यांचं 'माझा प्रवास' घ्या. गोडसे भटजी आमच्याच पेण तालुक्यातल्या वरसईचे. १८५७च्या धामधुमीत ते उत्तरेत होते, झाशीचा वेढा त्यांनी डोळ्यांनी पाहिला. जुन्या मराठी पुस्तकांच्या यादीत हे नाव बहुतेक वेळा सापडतं. पण चिंतामण विनायक वैद्य यांनी १९०७ साली ते छापलं, तेव्हा मूळ मजकुरात पुष्कळ फेरफार केले होते. हस्तलिखिताबरहुकूम प्रत दत्तो वामन पोतदार यांनी १९६६ साली प्रसिद्ध केली. कोणती प्रत वाचावी, हे मी यादीत छापलेलं पाहिलेलं नाही. आमच्या वहीत मात्र एका निवृत्त तलाठ्यांनी दोन्ही प्रती शेजारी ठेवून, फरक दाखवून, पोतदारांची प्रत मागायला सांगितलं आहे. आता वाचक ती नाव घेऊन मागतात.

इंटरनेटवर पुस्तक घेताना मीही वाचकांचे अभिप्राय पाहते. पाच तारे देणारे बरेचजण पार्सल वेळेत आलं, कागद चांगला आहे, एवढंच सांगतात. तीन तारे देणारा सहसा काय भावलं आणि कुठे कंटाळा आला ते लिहितो. मी आधी त्याचं वाचते.

आपल्या रविवार पुरवणीतली परीक्षणं मी वाचते. ती कमी करा असं माझं म्हणणं मुळीच नाही. त्याच पानावर वाचकांच्या नोंदींना थोडी जागा द्या. लिहिणारा कोण, काय काम करतो, पुस्तक कसं हाती आलं आणि ते कुणाला वाचायला सांगेल, एवढं त्यात यावं. आवृत्ती कोणती, भाषांतर असेल तर कुणाचं, दुकानात मिळतं की वाचनालयातच शोधावं लागेल, हेही हवं. लेखकाशी किंवा प्रकाशकाशी नातं असेल तर तसं नमूद करायला लावा, नाहीतर वाचकाचा विश्वास उडेल. आणि पुस्तक याच वर्षीचं असावं अशी अट कृपा करून घालू नका. छोट्या वाचनालयांकडे नव्या खरेदीला पैसा बेताचाच असतो, पण चाळीस-पन्नास वर्षांपूर्वीची उत्तम पुस्तकं कपाटांत आहेत. त्यांच्याबद्दल कुणी लिहिलं तर ती उद्याच बाहेर पडतील.

सुरुवातीला नोंदी कमी पडल्या, तर लिहिणाऱ्यांना विचारून आमच्या वहीतल्या काही पाठवायला मी तयार आहे.

कळावे,
एक निवृत्त शिक्षिका, पेण (जि. रायगड)