बेडकाच्या जंतावर तपासणीविना दिलेला सल्ला व शुल्क परतावा

प्रति,
व्यवस्थापक, ग्राहक सेवा विभाग

महोदय,

आपल्या ऑनलाइन पशुवैद्यकीय सेवेच्या जाहिरातीत कुत्र्या-मांजरांसोबत 'एक्झॉटिक प्राणी' (म्हणजे नेहमीपेक्षा वेगळे पाळीव प्राणी) असं ठळक छापलं आहे. त्यावर विसंबून मी माझ्या व्हाइट्स ट्री फ्रॉगसाठी वेळ घेतली, पैसे आगाऊ भरले. हा ऑस्ट्रेलियाकडचा बेडूक पावतीवर घेतलेला आहे, रंकाळ्यावरून धरून आणलेला नाही.

खाणं व्यवस्थित असूनही तो वाळत चालला आहे, कमरेची हाडं वर आली आहेत. टाकीतल्या ओल्या टिश्यूवरच्या विष्ठेत सुतासारखे पांढरे जंत वळवळताना दिसले. फोटो आधीच पाठवला होता. आपल्या डॉक्टरांनी तो पाहिलाच नव्हता. त्यांनी वजन विचारलं नाही, विष्ठा तपासायला सांगितली नाही. 'कुत्र्याच्या पिल्लांचं जंताचं औषध चार-पाच थेंब पाण्यात टाका,' एवढं सांगून कॉल संपवला.

बेडूक तोंडाने पाणी पीत नाही, कातडीतून शोषतो. पाण्यात टाकलेलं औषध अंगात किती जाईल याला काही हिशेबच राहत नाही, आणि माझा बेडूक अवघा 38 ग्रॅमचा आहे. मी ते औषध दिलं नाही.

ताजी विष्ठा सूक्ष्मदर्शकाखाली पाहिल्याशिवाय जंत कोणते हे कळत नाही. ओपॅलिनासारखे निरुपद्रवी सूक्ष्मजीव बेडकाच्या आतड्यात असतातच, त्यांना औषध लागत नाही. उलट ऱ्हॅब्डियास या फुफ्फुसातल्या जंताच्या अळ्या विष्ठेतून बाहेर पडून कातडीवाटे पुन्हा अंगात शिरतात. तिथे नुसतं औषध देऊन भागत नाही, टाकीही वरचेवर साफ करावी लागते. यातलं एक अक्षरही मला सांगितलं गेलं नाही.

बेडकांचा जाणकार डॉक्टर आपल्याकडे नसेल तर तसं पैसे घेण्याआधी सांगायचं. मी सरळ शिरवळच्या पशुवैद्यक महाविद्यालयात चौकशी केली असती. मुका जीव झिजतोय आणि आपल्या प्रतिनिधीचं उत्तर काय, तर 'सल्ला देऊन झाला, परतावा मिळणार नाही.'

माझं पूर्ण शुल्क परत करावं. बेडूक तपासणारा डॉक्टर मिळेपर्यंत जाहिरातीतून 'एक्झॉटिक' हा शब्द काढावा. त्या डॉक्टरांनी दिलेला सल्ला चुकीचा होता, हे मला लेखी कळवावं. 15 दिवसांत उत्तर न आल्यास ग्राहक संरक्षण कायदा, 2019 नुसार मी कोल्हापूरच्या जिल्हा ग्राहक आयोगाकडे दाद मागेन.

सोबत: शुल्काची पावती, पाठवलेला फोटो, आलेली उत्तरं.

आपली ग्राहक,
राजारामपुरी, कोल्हापूर