बाळ्यास, सहीआधी

सांगली
रविवार, रात्री साडेअकरा

प्रिय बाळ्या,

दिवाळीत तुझे तीन मिस्ड कॉल आले आणि मी एकही परत केला नाही. कामात होतो वगैरे थापा तुझ्यापुढं चालायच्या नाहीत, म्हणून सरळ लिहितो: टाळत होतो. तब्येत बरी. शुगर आहे तिथंच आहे, गुडघ्याचं तुला माहीतच आहे.

आर्यनची निवासी केंद्रासाठी निवड झालीय. व्हॉलीबॉलच. सहा फूट दोन इंच झालाय गडी, अजून सतरा पूर्ण नाहीत. पालकाच्या सहीचा फॉर्म आठ दिवस माझ्या ड्रॉवरमध्ये विम्याच्या पावत्यांखाली पडलाय. मंगळवारी शेवटची तारीख. आता कळलं ना, फोन का उचलत नव्हतो?

परवा जेवताना त्यानं विचारलं, "बाबा, आपली टीम नक्की काय काय जिंकलीय?" मी आपला सरांच्या थाटात सुरू झालो. १९५८, टोकियो एशियाड, ब्राँझ. १९६२, जाकार्ता, सिल्व्हर. १९८६, सोल, ब्राँझ. आणि थांबलो. तोंडातला घास संपायच्या आत पदकं संपली, मर्दा! पोरगं आपलं बघतंय, पुढं काय म्हणून. १९६४ पासून ऑलिंपिकमध्ये व्हॉलीबॉल आहे आणि आपण एकदाही पोचलो नाही, हे सांगू? तेवढ्यात ही स्वयंपाकघरातनं, "सिंधूच्या वडलांनी सोलचं ब्राँझ आणलं ना? मग त्यांची पोरगी काय खेळते? बॅडमिंटन!" मी म्हटलं, अगं, तिचं तिनं निवडलं असेल. "तेच म्हणते मी," म्हणाली. यावर काय बोलणार?

एक गोष्ट मात्र मी त्याच्यापासून लपवलीय, तूही फोनवर बरळू नकोस. सोलच्या त्या टीममधल्या जिमी जॉर्जनं व्हॉलीबॉलपायी मेडिकल सोडलं होतं. इथं नीटच्या क्लासची फी भरून झालीय! सर सांगायचे, जिमी वर जाऊन चहा पिऊन मग स्मॅश मारायचा. आपण दोघं लिंबाच्या फांदीला हात लावायला उड्या मारायचो आणि तू एकदा फांदीसकट खाली आलास. तो केरळ पोलिसात होता, मग तुझ्या अबुधाबीच्या क्लबकडून खेळला (बारा वर्षं तिथं आहेस, कधी चौकशी केलीस का रे?), मग इटलीत. सोलला जपानला हरवून ब्राँझ आणलं आणि पुढच्याच वर्षी, ३० नोव्हेंबरला, इटलीतच गाडीच्या अपघातात गेला. वय बत्तीस. मोंटिकियारीत त्याच्या नावाचा हॉल आहे. आपल्या पोराला विचारलं तर त्याला आत्ताच्या पिढीतल्या अश्वल रायचे ब्लॉक पाठ, जिमी कोण ते माहीत नाही. दोष माझाच, सांगितलंच नाही.

बालेवाडी आठवते? ऑगस्ट २००९, ज्युनिअर वर्ल्ड चॅम्पियनशिप. त्याच आठवड्यात स्वाइन फ्लूनं पुण्यात देशातला पहिला बळी घेतला आणि तू मला तिकडं ओढून नेलंस. ही सातव्या महिन्यात होती. तोंडाला रुमाल बांधून घसा फाटेपर्यंत ओरडलो आपण. हिनं अजून माफ केलेलं नाही, तुला. (मला केलंय, निदान तसं म्हणते.) आपली पोरं चौथी आली, ब्राझील, क्यूबा, अर्जेंटिनाच्या मागं. स्वारगेटला तू म्हणालास, चौथं म्हणजे हरलेलंच. मी म्हणालो, अरे जगात चौथं! दहा वर्षांत ही पोरं ऑलिंपिकला दिसतील, पाचशेची पैज. सातारा येईपर्यंत तू बोलला नाहीस. पाचशे अजून दिलेले नाहीत, देणारही नाही.

पण मला जे खुपतंय ते हेच. २००३ ला थायलंडमध्ये कुमारांची टीम जगात दुसरी आली होती. म्हणजे सोळा-अठराव्या वर्षी आपली पोरं कुणाला ऐकत नाहीत. मग जातात कुठं? रेल्वेत, सैन्यात, पोलिसात. स्पोर्ट्स कोट्यातनं नोकरी लागली की घरचे सुटलो म्हणतात. वर फेडरेशनच्या भांडणांपायी २०१६ ला जागतिक संघटनेनं आपल्यालाच बाहेर बसवलं. सही केली तर आर्यनला मी कुठल्या रांगेत उभा करतोय?

आणि याची सुरुवात माझ्यामुळंच झाली. २० सप्टेंबर २०२३. आमचा दीड दिवसाचा गणपती, विसर्जनाची तयारी, आणि मी पोराला मोबाईल दाखवत बसलोय: हांगझोऊ, समोर कोरिया. १९६६ पासून एकाही एशियाडमधनं पदकाशिवाय न परतलेला कोरिया. आपण रँकिंगमध्ये ७३, ते २७. पहिला सेट २५-२७ गेला, मी म्हटलं, ऊठ, आरती करू. दुसरा २९-२७. मग कोण उठतंय? पाचवा सेट १७-१५! बाप्पा पाटावर तसेच बसून होते. पुढं जपाननं तीन शून्य केलं, पाकिस्ताननंही तीन शून्य, सहावे आलो, आणि तुझ्या त्या पाकिस्तानी ड्रायव्हरनं तुला मिठाई दिली. ते पोराच्या लक्षातच नाही. त्याच्या डोक्यात १७-१५ एवढंच.

वहिनींच्या बदलीचं काय झालं? चिनूला दहावीला किती पडले तेही कळव. घराचा हप्ता संपला का? बरं.

आता खरं लिहितो. अण्णांनी तुझ्या कॅम्पच्या फॉर्मवर सही केली नाही, तेव्हा तुझ्यापेक्षा जास्त शिव्या मीच घातल्या होत्या, त्यांच्या अंगणात उभं राहून. तुझ्या जागी कोण गेलं ते आपण बोलत नाही. तू दोन वर्षं बापाशी बोलला नाहीस. आठ दिवस झाले, ड्रॉवर उघडला की मला अण्णा दिसतात. कुणाच्याही लग्नात जात नसत असे ते, आणि आता मला रोज भेटतात.

सही करू की नको, ते सांगू नकोस. एवढंच सांग, नंतर कधी अण्णांनी तुला कारण सांगितलं होतं का? मंगळवारच्या आत फोन कर. या वेळी उचलतो.

तुझा,
बॉल उचलून देणारा लिफ्टर