जावईबापूंच्या नावाचा फॉर्म

मा. विधी व न्याय मंत्री, महाराष्ट्र राज्य, यांस
स.न.वि.वि.

सोलापुरात अक्कलकोट रोड एमआयडीसीत आमचा टॉवेलचा कारखाना आहे. वडील गेल्यापासून मीच चालवते. वडील इथल्या एका क्लबाचे जुने सभासद होते (नाव घेत नाही, भांडण एकाशी नाही). त्यांचं सभासदत्व पुढे चालवायचं म्हणून फॉर्म आणायला गेले. काउंटरवरच्या काकांनी चहा मागवला आणि म्हणाले, "ताई, नियमात मुलगा नाहीतर जावई आहे. जावईबापूंच्या नावानं भरा की ओ, तुम्ही फॅमिली म्हणून याच."

आमचे जावईबापू, म्हणजे माझे यजमान, गणिताचे मास्तर. बॅडमिंटनची रॅकेट त्यांनी जन्मात धरलेली नाही. शाळेत असताना जिल्ह्याला खेळले ती मी.

पण बॅडमिंटन कोर्टापेक्षा मला पलीकडच्या पत्त्यांच्या टेबलाचं जास्त लागतं. सूत उधारीवर कोण देतंय, कुणाचा एक्स्पोर्टचा माल परत आलाय, हे तिथे रमीच्या डावात कळतं. मला चार दिवसांनी दलालाकडून. लंडनच्या गॅरिक क्लबवरून वाद पेटला तो याच दुखण्यावर. क्लब १८३१ चा, सभासदांत न्यायाधीश आणि राजकारणी, बायका तोवर फक्त पाहुण्या. मे २०२४ मध्ये मतदान झालं, जवळपास ६० टक्क्यांनी बायकांच्या बाजूने कौल दिला. लॉर्ड्सच्या एमसीसी या क्रिकेट क्लबाला हे १९९८ मध्ये सुचलं, स्थापनेनंतर २११ वर्षांनी!

कुणी कुणासोबत बसावं हे सरकारने ठरवू नये, मान्य. राज्यघटनेचं कलम १९ तो हक्क देतंच. माझ्या आईच्या भिशीत पुरुषाला उंबरा ओलांडता येत नाही, खुशाल तसंच राहू दे. पण भिशी आईच्या हॉलमध्ये भरते, पोहेही घरचेच. ज्या क्लबाची जमीन सरकारी भाडेपट्ट्याची आणि नोंदणी सार्वजनिक न्यास म्हणून, तो कसला खासगी? कलम १५(२) सार्वजनिक करमणुकीच्या ठिकाणी लिंगावरून मज्जाव करू देत नाही. तिथल्या 'सार्वजनिक' शब्दावर बोट ठेवून क्लब सुटतात, आणि नोंदणीच्या वेळी तोच शब्द आनंदाने लावून घेतात.

न्यासांवर देखरेख ठेवणारं धर्मादाय आयुक्तालय आपल्या खात्याखाली येतं. न्यास म्हणून नोंदलेल्या क्लबांच्या नियमावल्या एकदा मागवून बघा. 'मुलगा' तिथे 'अपत्य' करायला एक ठराव पुरतो. भाडेपट्टा नव्याने करताना ही अट घालायला महसूल खात्यालाही सांगा.

फॉर्म मी माझ्याच नावाने भरून दिलाय. काकांनी पोच दिली नाही, पण परतही केला नाही. ड्रॉवरमध्ये कॅन्टीनच्या कुपनांखाली सरकवून ठेवलाय.

आपली,
एक टॉवेल कारखानदार, सोलापूर